सत्तावीसांपैकी अकरा

(बालिकादिनी भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज ३ जानेवारी. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली याच दिवशी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. दरवर्षी आपण या दिवशी त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घालतो, मुलींची भाषणे होतात, खाऊ वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ववत सुरू होते. यात गैर काही नाही; उत्सवाला उत्सवाची जागा असतेच. तथापि आज मी ३ जानेवारीच्याच दुसऱ्या एका नोंदीविषयी आपणांशी बोलणार आहे. ती नोंद आपल्या प्रांतातील नाही, आपल्या देशातीलही नाही. पण ती शाळेतील मुलीने लिहिलेली आहे आणि तिच्यात हजेरीचा आकडा आहे. म्हणून शिक्षकांनी ती ऐकावी असे मला वाटते.

पाकिस्तानच्या वायव्येस स्वात नावाचे खोरे आहे. डोंगर, नदी, फळबागा यांनी नटलेला तो प्रदेश. तेथील मिंगोरा या गावात २००९ सालच्या आरंभी तालिबान नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र गटाचा अंमल बसू लागला होता. त्यांचा म्होरक्या मौलाना फजलुल्ला हा नभोवाणीवरून रोज रात्री हुकूम सोडीत असे. त्याच्या माणसांनी शाळांच्या इमारती स्फोटकांनी उडविण्यास प्रारंभ केला होता. शेवटी हुकूम निघाला की, १५ जानेवारीपासून एकाही मुलीने शाळेत जाता कामा नये.

या काळात बी. बी. सी.च्या उर्दू विभागाने एका शाळकरी मुलीची रोजनिशी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तिची पहिली नोंद शनिवार, ३ जानेवारी २००९ ची आहे. लिहिणारीचे वय ११ वर्षे. खरे नाव छापणे धोक्याचे असल्यामुळे तिला 'गुल मकई' हे पख्तून लोककथेतील नायिकेचे नाव देण्यात आले. ही मुलगी म्हणजे मलाला युसुफजई होय, हे पुढे साऱ्या जगास कळले.

त्या पहिल्या नोंदीत काय आहे? आदल्या रात्री तिला लष्करी हेलिकॉप्टरांचे आणि तालिबानांचे भयंकर स्वप्न पडले होते. आईने न्याहारी करून दिली आणि ती शाळेत गेली. वर्गात सत्तावीसांपैकी अकराच मुली आलेल्या होत्या. हुकूम निघाल्यापासून तिच्या तीन मैत्रिणी आपापल्या कुटुंबांसह पेशावर, लाहोर आणि रावळपिंडी येथे निघून गेल्या होत्या. घरी परतताना मागून येणारा एक माणूस कुणाला तरी ठार मारण्याची भाषा करीत होता. तिने पावले उचलली, थोड्या अंतरावर जाऊन मागे पाहिले, तो तो माणूस दूरध्वनीवर भलत्याच कुणाला दरडावीत होता असे दिसून आले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बंधुभगिनींनो, या नोंदीत घोषणा नाही, आवेश नाही, जगाला उद्देशून केलेले आवाहन नाही. वर्गात किती मुली आल्या, कोण गावाला गेली, वाटेत काय ऐकू आले, एवढेच आहे. तरीही ही रोजनिशी वाचून दूरदूरच्या लोकांस स्वातमध्ये काय चालले आहे ते उमगले. मोठमोठ्या वार्ताहरांच्या वृत्तांतांनी जे साधले नाही ते या आकड्याने साधले. पटावर सत्तावीस, वर्गात अकरा. आपण रोज सकाळी हजेरीपटावर हेच दोन आकडे लिहितो. ते लिहिताना आपल्या मनात काय असते, हा प्रश्न मी आज विचारू इच्छितो.

पुढच्या नोंदींतही असेच बारकावे आहेत. गणवेश घालून रस्त्याने जाणे धोक्याचे, म्हणून मुख्याध्यापिकेने साधे कपडे घालून या असे सांगितले. साधे कपडे म्हटल्यावर ही मुलगी आपला आवडता गुलाबी पोशाख घालून गेली. पाहते तो इतर मुलीही रंगीबेरंगी कपड्यांत! मग प्रार्थनेच्या वेळी सांगण्यात आले की, रंगीत कपडेही नकोत. आपल्यापैकी ज्यांनी लहान मुलींना शिकविले आहे त्यांना हे वाचून हसूही येईल आणि गलबलूनही येईल. बंदुकीच्या छायेत शाळेला निघालेले मूल हे अखेर मूलच असते. १४ जानेवारीला मुख्याध्यापिकेने सुट्टी जाहीर केली. पण शाळा पुन्हा केव्हा उघडणार ते सांगितले नाही. एरवी सुट्टीची तारीख आणि शाळा उघडण्याची तारीख एका वाक्यात सांगण्याचा रिवाज. मुलींना त्या मौनाचा अर्थ बरोबर समजला. त्या दिवशी त्या पटांगणात नेहमीपेक्षा अधिक वेळ खेळत राहिल्या, आणि निघताना या मुलीने इमारतीकडे अशा रीतीने पाहिले की, जणू आपण येथे पुन्हा येणार नाही.

या मुलीच्या धैर्याविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षक म्हणून आपण याच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलीला असे लिहिता कसे आले?

तिचे वडील झियाउद्दीन हे शिक्षक. त्यांनी मिंगोऱ्यात काढलेली शाळा पहिल्या दिवशी अवघ्या तीन विद्यार्थ्यांची होती. तिला त्यांनी सतराव्या शतकातील पश्तू कवी खुशालखान खटक याचे नाव दिले. मलाला या शाळेच्या आवारातच वाढली. बोलता येण्यापूर्वी ती वर्गांतून दुडदुडत फिरे आणि शिक्षकाची नक्कल करी. भाषणस्पर्धा, वादविवाद हे त्या शाळेत नेहमीचे होते. घरी मोठी माणसे बोलत बसली की, तिला झोपायला पाठविण्याऐवजी ऐकू दिले जाई. जिचे बोलणे मोठ्यांनी ऐकून घेतले, तिला आपले बोलणे ऐकण्याजोगे आहे असे वाटू लागले. ही गोष्ट साधी आहे. पण आपल्या किती वर्गांत ती घडते? मुलगी गप्प बसली की तिला गुणी म्हणण्याची आपली सवय फार जुनी आहे.

तिच्या आईची हकीकत याहून वेगळी. तूर पेकई लहानपणी शाळेत जाऊ लागली होती. पण सारा वर्ग मुलांचा, मैत्रिणी घरी खेळणाऱ्या. एके दिवशी तिने आपली पुस्तके नऊ आण्यांना विकली आणि त्या पैशांची मिठाई घेऊन खाल्ली. शाळा संपली. कुणी विचारले नाही, कुणी घरी येऊन चौकशी केली नाही. तिला कोणी शाळेतून काढले नव्हते, धमकावलेही नव्हते. तरी नऊ आण्यांत एका मुलीचे शिक्षण आटोपले. मला स्वातच्या साऱ्या हकीकतीत बंदुकीइतकीच भीती या नऊ आण्यांची वाटते, कारण बंदूक आपल्या गावांत नाही. नऊ आणे मात्र आहेत.

आणखी एक गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही. ही रोजनिशी आधी वयाने मोठी असलेली दुसरी एक मुलगी लिहिणार होती. तिने होकार दिला होता. पण घरच्यांनी नको म्हटले. म्हणून हे काम मलालाकडे आले. त्या दुसऱ्या मुलीच्या आईबापांना दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. आपली मुलगी सुखरूप असावी असे वाटणे हा अपराध नव्हे. काहींना पुढे होता आले, काहींना आले नाही. शिकण्याची इच्छा दोघींचीही खरी होती.

आता शिक्षकांच्या वाट्याचे. त्या वर्षी फेब्रुवारीत चौथीपर्यंतच्या मुलींना शाळेत येण्याची मुभा मिळाली. पाचवीच्या मुलींना नाही. तेव्हा मलाला आणि तिच्या काही मैत्रिणी आम्ही चौथीतल्याच आहोत असे भासवून शाळेत येऊ लागल्या. अंगावर साधे कपडे आणि पुस्तके शालीखाली लपविलेली. मुख्याध्यापिकेने वर्ग चालू ठेवला. मुलींनी तिला हे आम्ही करू का असे विचारले असेल नसेल, पण दार तिने उघडे ठेवले होते एवढे निश्चित. मुलींच्या धिटाईची चित्रे छापली गेली. वर्ग घेणाऱ्या त्या बाईंचे चित्र किती जणांनी पाहिले असेल? पाचवीच्या मुलींना चौथीच्या बाकावर बसवून पाचवीचे धडे शिकविणे यात तिचा जीवही तितकाच धोक्यात होता.

पुढचे सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मे २००९ मध्ये लष्करी कारवाई झाली, लक्षावधी लोकांना खोरे सोडावे लागले, आणि उन्हाळा सरता सरता कुटुंबे परतली. मलाला आता उघडपणे बोलू लागली होती. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी परीक्षेचा पेपर देऊन मुली शाळेच्या गाडीतून घरी निघाल्या असता एका बंदूकधाऱ्याने गाडीत डोकावून मलाला कोण असे विचारले आणि गोळ्या झाडल्या. तिच्या डोक्यास गंभीर इजा झाली; शेजारी बसलेल्या शाझिया रमझान आणि कायनात रियाझ याही जखमी झाल्या. मलालावर पेशावर, रावळपिंडी आणि नंतर इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे उपचार झाले. १२ जुलै २०१३ रोजी, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, ती संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात बोलली. २०१४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक तिला आणि आपल्या कैलाश सत्यार्थी यांना विभागून देण्यात आले, तेव्हा ती १७ वर्षांची होती. शाझिया आणि कायनात यांनीही पुढे वेल्समध्ये आपले शिक्षण चालू ठेवले. या दोघींची नावे आपण मुलींना आवर्जून सांगावीत. त्या भाषण करीत नव्हत्या, केवळ पेपर देऊन घरी चालल्या होत्या.

ज्या दिवशी हा हल्ला झाला त्याच दिवशी तूर पेकई मुलीच्याच शाळेत लिहावाचावयास शिकण्याचा पहिला धडा घेण्यासाठी आली होती. नऊ आण्यांना विकलेली पुस्तके इतक्या वर्षांनी पुन्हा हाती येत होती.

डिसेंबर २०१२ मध्ये स्वातमधीलच सैदू शरीफ येथील मुलींच्या महाविद्यालयास सरकारने मलालाचे नाव दिले. तेव्हा तेथील विद्यार्थिनींनीच निदर्शने केली, तिच्या तसबिरी फाडल्या आणि हे नाव काढून टाका अशी मागणी केली. अनेकांना हा कृतघ्नपणा वाटला. मला तसे वाटत नाही. त्या मुलींचे म्हणणे एवढेच होते की, या नावामुळे आमच्या महाविद्यालयावर हल्ला होईल आणि आमचे शिकणे बंद पडेल. गौरवाचा फलक लावणारे अधिकारी पहाऱ्यात राहतात. रोज त्या फाटकातून आत जावे लागते ते मुलींना. म्हणून मी असे म्हणेन की, त्या विद्यार्थिनीही शिक्षणाच्या हक्कासाठीच उभ्या राहिल्या होत्या. मुलांना धैर्याचे धडे देताना त्या धैर्याची किंमत कोण मोजणार, हे आधी आपल्याशी ठरवावे. मूल पुढे आणि मोठी माणसे मागे, हा क्रम उलटा आहे.

ही गोष्ट केवळ स्वातपुरती उरली आहे असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता पुन्हा आली आणि सहावीच्या पुढील वर्ग मुलींना बंद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही मिटली. तेथेही घराघरांतून वर्ग चालविणाऱ्या बाया पुढे आल्या.

आपल्याकडे वळू या. आपण ज्यांची जयंती आज साजरी करीत आहोत त्या सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, आणि जोतीरावांचे वय एकवीस होते. तसबिरीत आपण त्यांना प्रौढ पाहतो, त्यामुळे हे आपल्या ध्यानातून जाते. आजच्या हिशेबाने त्या बारावीच्या वर्गात बसल्या असत्या. शेणाचे गोळे आणि चिखल अंगावर झेलीत त्या शाळेत जात, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या बरोबरीने फातिमा शेख याही शिकवीत. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा उघडली तेव्हा पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. आठ! तो आकडा पाहून त्यांनी शाळा मिटली नाही.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तिने अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणानंतर मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. धर्मग्रंथ जर एकाच जातीचे, तर आम्हाला धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने त्यात केला आहे. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल तिने लिहिले आहेत, आणि ज्ञान हे बुद्धीचे औषध आहे, ते घ्या, असे आपल्या माणसांस विनविले आहे. हा निबंध मी शिक्षकांना नेहमी वाचावयास सांगतो, पण एका विशिष्ट कारणाने. मुक्तेला लिहावयास कोणी तरी सांगितले. लिहिलेले कोणी तरी वाचले. ते फाडून न टाकता छापण्यास पाठविले. त्या मजकुरामुळे शाळेवर रोष ओढवेल, देणग्या थांबतील, अशी भीती वाटण्यास तेव्हा जागा होती. तरी निबंध जसाच्या तसा राहिला.

अलीकडचे एक उदाहरण पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्याचे. रेखा कालिंदी ही विड्या वळणाऱ्या कुटुंबातील मुलगी, बालकामगारांसाठी चालविलेल्या विशेष शाळेत शिकणारी. अकरा-बारा वर्षांची असताना घरच्यांनी तिचे लग्न ठरविले. थोरल्या बहिणीचे लहान वयात लग्न होऊन तिच्या वाट्याला आलेले दुःख रेखाने डोळ्यांनी पाहिले होते. तिने नकार दिला आणि मला शिकावयाचे आहे असे सांगितले. २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तिला भेटीस बोलावून तिचा गौरव केला. तिच्या पाठोपाठ त्या भागातील इतर मुलींनीही असाच नकार दिला. त्याच वर्षी आपल्या संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. रेखाने 'नाही' म्हटले तेव्हा तो तिच्या पाठीशी नव्हता. आपल्या मुलींच्या पाठीशी आहे. पण कायदा वर्गात येऊन बसत नाही.

म्हणून मी हजेरीपटाकडे परत येतो. आपल्या जिल्ह्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयत्याबरोबर लेकरेही फडावर जातात, आणि तान्ह्या भावंडाला सांभाळावयास बहुधा मोठी मुलगी नेली जाते. त्या महिन्यांत पट तोच राहतो आणि वर्ग रिकामा होतो. तेथे हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. पण त्यासाठी मुलांची यादी टोळी निघण्यापूर्वी वर जावी लागते, नंतर नव्हे. आई-आजीशी बोलणे नवरात्रातच झाले पाहिजे. मुलीच्या आजीने तिला आपल्याजवळ ठेवून घेण्याचे कबूल केले की अर्धे काम होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.

दुसरा प्रसंग सातवी-आठवीचा. मुलगी आधी एक दिवसाआड येऊ लागते, मग आठवड्यातून दोनदा, मग पाहुणे येऊन गेल्याचे तिच्या मैत्रिणी कुजबुजतात. आपल्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख हा मुलीच्या वयाचा अधिकृत पुरावा आहे, हे आपण विसरू नये. ती नोंद अचूक असेल तर लग्न रोखणाऱ्यांच्या हाती काही तरी असते. अंदाजाने घातलेली असेल तर त्यांचे हात रिकामे. ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यास कळविणे, १०९८ या क्रमांकावर कळविणे, हे काम शिक्षकाने स्वतःच्या नावावर घ्यावे. वर्गातील एखाद्या धीट मुलीस पुढे करून तिच्याकडून ते करवून घेऊ नये. तिला त्याच घरात, त्याच गल्लीत राहावयाचे असते. गावात आपणांस चार शब्द ऐकावे लागतील. पण आपली बदली तरी होऊ शकते.

तिसरी गोष्ट सोपी आहे. आठवड्यातून एक तास मुलींना आणि मुलांनाही आपल्या दिवसाविषयी लिहू द्यावे. शुद्धलेखनाचे गुण त्या तासाला देऊ नयेत. कोण आले, कोण आले नाही, वाटेत काय पाहिले, काल रात्री घरात काय झाले, एवढेच. मुलांनी लिहिलेले शिक्षकांनी वाचावे आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. काही वह्यांत आपणांस दुकानाचा आणि जत्रेचा वृत्तांत मिळेल. एखाद्या वहीत असे एखादे वाक्य सापडेल की, जे वाचून आपण त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊ.

अध्यक्ष महाशयांची अनुमती असेल तर एक विनंती करतो. पुढील महिन्याच्या केंद्र-बैठकीस येताना प्रत्येक शाळेने एक कागद आणावा. गेल्या दोन वर्षांत पटावर होत्या आणि आता वर्गात नाहीत अशा मुलींची नावे त्यावर असावीत, आणि प्रत्येक नावापुढे ती सध्या कोठे आहे ते लिहिलेले असावे. 'माहीत नाही' असे जेथे लिहावे लागेल, त्या नावाच्या घरी बैठकीपूर्वी एकदा जाऊन यावे.